नाणं टांकसाळीत चुकलं की बाहेर मार खाल्ला? ओळखायची रीत

बडोद्यात जुनं घर आवरायला काढलं की फडताळातून बिस्किटाचा एखादा डबा निघतोच. त्यात गायकवाडांचे जुने बाबाशाही रुपये, भोकाचे पैसे आणि झालरीच्या कडेची अ‍ॅल्युमिनियमची दहा पैशांची नाणी एकत्र पडलेली असतात. त्यातलं एखादं वेडंवाकडं दिसतं आणि घरात कुणीतरी मोबाइलवर बघून सांगतं की याचे लाखो मिळतात. वेडीवाकडी नाणी तीन तऱ्हेची असतात. काही टांकसाळीतच बिघडलेली, काही बाहेर आल्यावर बिघडलेली आणि काही कुणीतरी मुद्दाम बिघडवलेली. संग्राहक पैसे मोजतो ते फक्त पहिल्या तऱ्हेचे. तिसरी तऱ्हा मात्र सगळ्यात आधी डोळ्यांत भरते, कारण ती त्यासाठीच बनवलेली असते.

ही निवड नशिबावर सोडायची गरज नाही. प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारायचा: इथला धातू कुठे गेला, किंवा इथे जास्तीचा धातू कुठून आला? टांकसाळीच्या यंत्रात तसं घडू शकत असेल तर पुढे बघायचं. घडूच शकत नसेल तर नाणं कितीही देखणं दिसो, ते खराब झालेलं नाणं आहे.

यंत्रात काय होतं

धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. मग चकती एका खाचेतून दाबून फिरवतात, म्हणजे तिचा काठ थोडा उचलला जातो. नंतर ती भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन वाळवतात आणि दाबयंत्रात पाठवतात. तिथे खाली एक साचा, वर एक साचा आणि भोवती पोलादी कडं असतं. या कड्याला सगळे कॉलरच म्हणतात. ठोका पडला की धातू क्षणभर वाहतो, साच्यांच्या खोलगट भागांत शिरतो आणि बाजूला पसरायला निघतो तिथे कॉलर त्याला अडवते. कडेवरचे दातेही कॉलरमुळेच उमटतात.

म्हणून चुका तीन घराण्यांच्या: चकतीच्या, साच्याच्या आणि ठोक्याच्या. साच्याची चूक त्या साच्यातून निघालेल्या हजारो नाण्यांवर त्याच जागी दिसते. ठोक्याची चूक बहुधा एकट्या नाण्याची असते. हा फरक पुढे किमतीतही येतो.

हाताशी काय हवं

दहा पटीचं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, चुंबक आणि एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबलावरचा दिवा. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात उंच रेघ खोल दिसते आणि खोल रेघ उंच, त्यामुळे दिवा आडवाच हवा. सगळ्यात महत्त्वाचं साधन मात्र त्याच प्रकारचं, जमल्यास त्याच वर्षाचं एक धड नाणं. शेजारी धड नाणं नसताना "हे वेगळं आहे" असं म्हणायला काही आधारच नसतो. काटा नसेल तर बडोद्याच्या घडियाळी पोळीतला ओळखीचा सराफ वजन करून देतो. भिंगातून काय दिसतं ते मात्र स्वतःच बघावं.

ही काही प्रमाण वजनं वहीत लिहून ठेवा. स्टीलची २५ पैसे २.८३ ग्रॅम, १९ मिमी. २०११ पूर्वीची स्टीलची ५० पैसे ३.७९ ग्रॅम, २२ मिमी. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम, २५ मिमी. २०११ पासूनचा लहान रुपया ३.७९ ग्रॅम, २२ मिमी. तांबे-निकेलचे जाड पाच रुपये ९ ग्रॅम, २३ मिमी. दहा रुपये ७.७१ ग्रॅम, २७ मिमी. ब्रिटिश चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम. नव्या नाण्यात शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तर ते काही विशेष नाही, आणि झिजलेलं नाणं हलकं भरणारच.

तपासण्याआधी नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही लागलं की धातू वाहिल्याच्या बारीक रेषा आणि मूळची झळाळी जाते, आणि खरेपणाचा अर्धा पुरावा त्या झळाळीतच असतो.

उंच की खोल

साच्याला तडा गेला तर तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. नाण्यालाच ओरखडा पडला तर खोल रेघ येते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ढकललेल्या धातूची बारीक वरंबी दिसते. आडव्या उजेडात भिंग लावलं की हा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. साच्याचा काठाजवळचा तुकडाच उडाला असेल तर तिथे नाण्यावर गुळगुळीत उंचवटा येतो, अक्षरं त्यात बुडतात, आणि दुसऱ्या बाजूला नेमक्या त्याच जागी नक्षी फिकी असते, कारण धातू इकडच्या पोकळीत गेला. उंचवटा आहे पण मागची नक्षी ठसठशीत आहे, असं दिसलं तर वरून डाग (वितळवलेला धातू) लावलेला असण्याचा संशय घ्या.

या नियमाला दोन अपवाद आहेत आणि फसगत तिथेच होते. पहिला अपवाद म्हणजे साचा आणि चकती यांच्यामध्ये काहीतरी आलेलं असणं: कापडाचा धागा, धातूचा कीस, ग्रीस. तेव्हा खोल खूण उमटते आणि ती खरी असते. अशा खुणेच्या तळाशी झळाळी असते, कडा मऊ असतात आणि बाजूला वरंबा नसतो. दुसरा अपवाद, साच्याचं अक्षर घाणीने भरलेलं असणं. मग नाण्यावर ते अक्षर अर्धवट येतं किंवा येतच नाही. कानशीने घासून अक्षर उडवलेलं असेल तर तिथला पृष्ठभाग किंचित दबलेला असतो, एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात आणि आजूबाजूची झळाळी त्या जागी तुटते.

याच कारणाने "टांकसाळीची खूण नसलेलं नाणं" म्हणून जे विकलं जातं त्यावर विश्वास ठेवू नये. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते. वर्षाखाली काहीच नाही म्हणजे बहुतेक वेळा नाणं कोलकात्याचं आहे, दुर्मीळ नाही. साच्यातला नोएडाचा ठिपका घाणीने भरून गेला तर तो भिंगाखाली बहुधा पुसटसा दिसतो.

तुकडा उडालेलं नाणं

पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर पुन्हा थोडी पंच बसली की चकतीतून चंद्रकोरीसारखा तुकडा जातो. घरी कातरीने किंवा कानशीनेही तो काढता येतो, त्यामुळे बनावट नाण्यांत हा प्रकार भरपूर आहे. तपासणी या क्रमाने करा.

आधी तुटलेल्या भागाच्या बरोबर समोरचा काठ बघा. खऱ्या नाण्यात तो काठ अशक्त, पसरट किंवा जवळजवळ नसल्यासारखा असतो. काठ उचलताना चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते, आणि एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तुकडा अगदी लहान असेल तर हा परिणाम दिसेलच असं नाही, पण मोठा तुकडा गेला असून समोरचा काठ ठणठणीत असेल तर नाणं बाजूला ठेवा.

मग तुटीजवळची अक्षरं बघा. तिथे कॉलरचा आधार नसल्याने धातू मोकळ्या जागेकडे ओढला जातो, अक्षरं लांबट होतात, फिकी पडतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापल्यासारखं सरळ तुटतं आणि उरलेलं अर्धं पूर्ण उंचीचं असतं. तिसरी तपासणी सोपी: त्याच प्रकारचं धड नाणं तुटीच्या वक्राला लावून बघा. दोन्ही वक्र साधारण जुळले पाहिजेत, कारण तुकडा त्याच मापाच्या पंचने काढला आहे. सरळ तूटही खरी असू शकते, कारण पट्टीच्या टोकाशी चकती कापली गेली तर तशी येते. शेवटी वजन: तूट आहे आणि वजन पूर्ण भरतंय, हे शक्य नाही.

लखी, आणि शिकंज्यातली नकली लखी

एका बाजूला नेहमीसारखा उठावाचा राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोल आणि उलटा, आरशात दिसावा तसा. याला आपल्याकडचे जुने संग्राहक लखी म्हणतात, यादीत ब्रॉकेज लिहिलेलं असतं. आधी छापलेलं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्या नाण्यावरच ठोकली जाते, म्हणून तिच्यावर एका बाजूला साच्याची आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याची छाप येते. पहिल्या ठोक्याला ही उलटी छाप ठसठशीत आणि पूर्ण मापाची असते. चिकटलेलं नाणं दर ठोक्याला पसरत जातं, तशी पुढच्या चकत्यांवरची छाप मोठी आणि धूसर होत जाते. दोन्ही प्रकार खरेच.

नकली लखी बनवायला शिकंजा पुरतो. दोन नाणी एकमेकांवर ठेवून आवळली की एकाची उलटी छाप दुसऱ्यावर येते. पण दुसऱ्यावर त्याची स्वतःची नक्षी आधीच असते, आणि ती कुठे जाणार? ती दबून चपटी होते, पण पूर्ण जात नाही. उलट्या छापेच्या खालून मूळ अक्षरांचे, आकड्यांचे अवशेष डोकावतात. पाठीमागची बाजूही शिकंज्याच्या जबड्याने चपटी झालेली असते. खऱ्या लखीत उलट्या छापेखाली दुसरं काहीच नसतं आणि उठावाची बाजू पूर्ण, खणखणीत असते.

थोडे हुशार लोक आधी एक बाजू घासून सपाट करतात आणि मग छाप दाबतात. त्यात खालचे अवशेष मिळत नाहीत. इथे वजनकाटा कामाला येतो, कारण घासलेला धातू परत येत नाही. पूर्ण लखी हलकी असायला कारणच नाही. शिवाय अशा नाण्याची जाडी कमी असते आणि कडेचे दाते एका बाजूने अर्धे खाल्लेले दिसतात.

सरकलेली छाप, पसरलेलं नाणं आणि हातोडी

चकती कॉलरमध्ये नीट न बसता ठोका पडला तर छाप एका बाजूला सरकते. तिथे कोऱ्या धातूची कोर राहते, नाणं पूर्ण गोल राहत नाही, छापेच्या दिशेला धातू पसरतो. कोऱ्या भागात चकतीचा आधीच उचललेला काठ दिसतो, वजन पूर्ण भरतं. छाप मध्यावर पण कॉलर नाही, असं झालं तर नाणं सगळीकडून थोडं मोठं होतं आणि कडेला दाते नसतात. दोन्हींत अक्षरं ताजी आणि उंच असतात, हे लक्षात ठेवा.

हातोडीने किंवा रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणंही मोठं होतं आणि वजनही पूर्ण भरतं, त्यामुळे इथे काटा काही सांगणार नाही. इथे अक्षरं बघायची. बाहेरून दाब आला की सगळ्यात उंच भाग आधी चपटा होतो, म्हणून अक्षरांचे माथे सपाट आणि चकचकीत, पाया पसरलेला. रुळावरचं नाणं तर एका दिशेने लांबट होतं. काठावर हळूहळू ठोकून आत वळवलेलं नाणं उलट लहान होतं, काठ जाड होतो आणि अक्षरं काठाखाली दडतात. अंगठ्या करणारे लोक सुरुवात अशीच करतात, आणि अर्धवट सोडलेली अशी नाणी "जाड काठाची चूक" म्हणून फिरतात.

दोनदा उमटलेली अक्षरं

यात वेळ फार घालवू नका, नव्वद टक्के वेळा काही नसतं. ठोक्यानंतर साचा किंचित घसरला की अक्षराची बाजू खरवडली जाते आणि पायाशी सपाट, बुटकी पायरी दिसते. अक्षर त्यामुळे बारीक होतं. याला किंमत नाही. साचाच दुहेरी बनला असेल तर दोन्ही ठसे जवळपास सारख्या उंचीचे, गोलसर असतात आणि अक्षरांच्या टोकांना खाच दिसते. ते खरं. तिसरी शक्यता म्हणजे साचा झिजलेला असणं. तेव्हा अक्षरांच्या कडा सुजल्यासारख्या होतात आणि काठाकडे जाणाऱ्या रेषा दिसतात.

फिरलेला साचा

भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांची तपासणी अशी: नाणं वर आणि खाली चिमटीत धरा, छापा सरळ ठेवा आणि उभ्या अक्षावर गर्रकन वळवा. काट्याची बाजूही सरळ दिसली पाहिजे. पाच-दहा अंशांचा फरक नेहमीचाच. पंचेचाळीसच्या पुढे बघण्यासारखं, आणि नव्वद किंवा एकशे ऐंशी असेल तर कोन मोजून लिहून ठेवा. बाहेरच्या मारामुळे हे होऊच शकत नाही. फक्त दोन नाणी अर्धी करून जोडलेली नाहीत ना, एवढ्यासाठी कड आणि काठाची आतली बाजू भिंगाने तपासा. दोन्ही बाजूंना छापा असलेल्या नाण्यालाही हीच तपासणी लावा. जादूच्या प्रयोगाच्या नाण्यात काठाच्या अगदी आत गोल सांधा सापडतो आणि टाकल्यावर आवाज बद्द येतो.

दहा रुपयांचं मधलं

बाहेरची कडी आणि मधली चकती वेगवेगळी बनतात. ठोका एकच असतो आणि तोच ठोका दोन्ही भाग एकमेकांत अडकवतो, वर नक्षीही छापतो. म्हणजे छापेच्या क्षणी मधलं आणि बाहेरचं एकाच स्थितीत होतं. यावरून सरळ निष्कर्ष निघतो: नक्षी असलेली मधली चकती उलटी बसलेली किंवा कडीच्या मानाने फिरलेली असेल तर ती बाहेर कुणीतरी काढून पुन्हा बसवली आहे. २०११ नंतरच्या नाण्यात सिंहशीर्ष मध्ये आणि दोन बाजूंना कडीवर "भारत" आणि इंग्रजीतलं "इंडिया" असतं. सिंह कलले आणि शब्द सरळ, तर हात लागलेला आहे. बाजारात उलट्या मधल्याची नाणी बरीच येतात.

मधलं नसलेली कडी खरी असू शकते. मात्र तशी कडी मध्याशिवाय छापली गेली असेल तर धातू आतल्या बाजूला वाहतो, भोकाची धार गोलसर होते आणि तिकडची नक्षी विरते. मधलं नंतर ठोकून काढलेलं असेल तर भोकाच्या आतल्या भिंतीवर अडकवण्याची खाच स्पष्ट दिसते, नक्षी धारेशी कापल्यासारखी थांबते आणि अवजाराचा एखादा दणका कुठेतरी असतो.

चुकीची चकती

रुपयाचा साचा आणि ५० पैशांची चकती, असं झालं तर नाण्याचं वजन चकतीचं भरतं आणि अक्षरं कडेला कापली जातात, कारण साचा मोठा असतो. पण २२ मिमीचा, ३.७९ ग्रॅमचा रुपया दिसला की लगेच उडी मारू नका. २०११ पासूनचा रुपया त्याच मापाचा आहे. आधी वर्ष वाचा आणि नक्षी पूर्ण आहे का बघा. रंग वेगळा एवढ्यावरही जाऊ नका. मुलामा घरी चढवता येतो, वजन आणि चुंबक मात्र मुलाम्याने बदलत नाहीत. भारतीय स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, तांबे-निकेलची नाहीत.

१९४३ ते १९४७ च्या भोकाच्या पैशात भोक सरकलेलं किंवा नसलेलं मिळतं. भोक बुजवलेलं असेल तर बारीक गोल सांधा दिसतो.

बाबाशाही नाण्यांना हे नियम लावू नका

गायकवाडांची हाताने ठोकलेली नाणी वेगळ्या जगातली आहेत. तिथे कॉलर नव्हती आणि साचा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण लेख एका नाण्यावर येतच नसे. छाप सरकलेली, कड फाटलेली, दोन बाजूंचे कोन जुळत नाहीत, दोनदा ठोका पडलेला: हे सगळं त्यात नेहमीचं आहे. अशा नाण्यात किंमत ठरते ती गादीवरच्या राजाचं नागरी आद्याक्षर, तलवार आणि साल किती आलं आहे त्यावर. सराफांनी पारखताना मारलेले छोटे छापही त्यांवर असतात. ते चूक नाहीत, नुकसानही म्हणवत नाही. व्यवहाराच्या खुणा आहेत.

तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतली यंत्रावरची नाणी मात्र वरच्या सगळ्या कसोट्यांना उतरली पाहिजेत. त्यांवर विक्रम संवत असतं, ५७ वजा केले की इसवी सन साधारण मिळतं. चांदीच्या रुपयांचे दागिने पुष्कळ झाले, म्हणून राजाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला कडेवर डागाचे अवशेष, बुजवलेलं भोक किंवा तिथेच घासलेले दाते आहेत का ते आधी पाहा.

पाणी, आम्ल, आग

चांदोदला नर्मदेत टाकलेली आणि पुन्हा बाहेर काढलेली नाणी बडोद्यात खूप येतात. वाळूने झिजल्यामुळे त्यांची अक्षरं गोलसर होतात, अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात. आम्लात टाकलेलं नाणं सगळीकडून सारखं बारीक होतं, पातळ, हलकं आणि भिंगाखाली स्पंजासारखं सच्छिद्र. "पातळ चकतीवरचं" म्हणून ते दाखवलं जातं. खरोखर पातळ चकतीवर छापलेल्या नाण्यात झळाळी आणि वाहत्या रेषा असतात. मिश्रधातूत दोष असेल तर पापुद्रा निघतो, तो खरा दोष. त्याखालचा तळ एकाच दिशेने रेघाळलेला असतो, पट्टी लाटल्याच्या दिशेने. खरवडलेल्या खड्ड्याशेजारी मात्र ढकललेला धातू सापडतोच.

विकत घेताना

दोन्ही बाजूंचे आणि कडेचा असे तीन फोटो, वजन आणि व्यास मागा. कडेचा फोटो देत नसेल तर सोडून द्या. नाणं लाखांना घेतो, आधी कमिशन किंवा कर भरा, असं कुणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने अशी वसुली होते आणि बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना काढली होती. स्वतः नाणी कापून, वितळवून प्रयोग करू नका. २०११ च्या नाणे कायद्याखाली तो गुन्हा आहे.

ठरवलेलं नाणं कागदी पाकिटात ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तांब्याची नाणी हिरवी, चिकट होतात. पाकिटावर प्रकार, साल, टांकसाळ, वजन, व्यास आणि चूक शब्दांत लिहा: "समोरचा काठ अशक्त, तूट ४ मिमी, वजन इतकं". साच्याच्या चुकीचा संशय असेल तर त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, त्याच जागी तशीच खूण असलेलं दुसरं नाणं शोधा. ते सापडेपर्यंत पाकिटावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह असू द्या.